सूर सरळ करून मिळेल

जयसिंगराव कुंजीर पहिल्यांदा स्टुडिओत आले तेव्हा त्यांनी चपला बाहेर काढल्या, दोन्ही मोबाइल बंद केले आणि माइकला हात जोडून नमस्कार केला. रंगनाथ खांबेट्याला पहिला राग आला तो त्या नमस्काराचाच. नमस्कार करावा असं त्या माइकपुढे गेल्या सात वर्षांत कुणी गायलं नव्हतं, आणि हा गृहस्थही गाणार नाही हे त्यांच्या घसा खाकरण्यावरूनच कळलं होतं.

दोन हजार नऊ साल होतं. कर्वेनगरमधल्या एका सोसायटीत तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, भिंतींना चिकटवलेला काळा स्पंज, काचेपलीकडे माइक आणि अलीकडे कॉम्प्युटर, असा रंगनाथचा स्टुडिओ होता. वरच्या मजल्यावरच्या बाई चटणी वाटायला लागल्या की रेकॉर्डिंग थांबवावं लागे. गिऱ्हाईक मात्र थांबत नव्हतं. आयटी पार्कातले मॅनेजर, निवृत्त इंजिनिअर, दाताचे डॉक्टर, नगरसेवकांच्या सुना. पुण्यात एकाएकी सगळ्यांच्या हातात पैसा खेळायला लागला होता, आणि पैसा आला की माणसाला आपल्याला गाता येतं असं वाटायला लागतं, असं रंगनाथचं मत होतं.

कुंजिरांचं गाव पालिकेत आलं होतं. बारा एकर ज्वारीच्या रानावर आता काचेच्या इमारती होत्या आणि त्यांत हजारो पोरंपोरी गळ्यात पट्टे अडकवून जात-येत होती. जयसिंगरावांचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळाही होता. तो त्यांनी सोडला नव्हता. सवयीनं पहाटे तिथं जायचे. आता बावन्नाव्या वर्षी त्यांना आठ गाण्यांची सीडी काढायची होती. प्रेमगीतं. शब्द तलाठी कार्यालयातल्या एका भाऊसाहेबांचे.

"आधी कुठं शिकलाय?" रंगनाथनं विचारलं.

"शिकायचं काय त्यात सर? लहानपणापासून गातोय. मोटंवर गायचो, आता गाडीत गातो. लोक म्हणत्यात, गळा हाय."

"लोक म्हणतात ना? मग प्रश्नच मिटला," रंगनाथ म्हणाला.

जयसिंगरावांना ती पावती वाटली. ते मनापासून हसले.

ते गायले. काचेअलीकडे कीबोर्डवाला पोपट बसला होता, त्यानं मान खाली घातली. षड्ज म्हणून जे काही लागलं ते षड्जाच्या गावचं नव्हतं. त्यापुढचे सूर तर एकमेकांना ओळखही दाखवत नव्हते. आवाज मोठा होता, खणखणीत होता, आणि नेमका त्यामुळंच चूक लपायला जागा नव्हती. गाणं संपल्यावर जयसिंगरावांनी डोळे उघडले, घाम पुसला आणि काचेतून विचारलं, "कसं झालं?"

रंगनाथनं बटण दाबलं आणि माइकमध्ये म्हणाला, "करू आपण काहीतरी."

स्वतः रंगनाथ अकरा वर्षं शिकला होता. सदाशिव पेठेत गुरुजींकडे, पहाटेचा षड्ज चुकवायचा नाही, थंडी असो वा ताप. शिकण्याच्या बाराव्या वर्षी एका संध्याकाळी गुरुजींनी तंबोरा खाली ठेवला आणि म्हणाले, "रंगनाथ, तुझं काही चुकत नाही. त्याचं काय करायचं तेच मला कळत नाही." रंगनाथनं ते वाक्य दोन दिवस चघळलं. मग क्लास सोडला, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि दुसऱ्यांचे आवाज रेकॉर्ड करायला लागला. त्याला पुढं कुणी गाताना ऐकलं नाही. पण दुसऱ्याचा सूर केसभर उतरला तरी त्याच्या कपाळावर आठी यायची, आणि ही आठी म्हणजेच आपलं गाणं, असं काहीसं त्यानं मनाशी धरलं होतं.

काम सुरू झालं. पडद्यावर जयसिंगरावांच्या आवाजाची रेघ दिसे. दुष्काळातल्या नाल्यासारखी, कुठंही वळणारी, मध्येच आटणारी. रंगनाथ एकेक अक्षर माउसनं उचलून जागेवर बसवी. 'सखे' या एका शब्दाला त्याला पाऊण तास लागला, कारण 'स' एका पट्टीत होता आणि 'खे' भलत्याच. मग वर थोडा घुमारा, थोडा प्रतिध्वनी, मागे कोरस. संध्याकाळी बँकेतून आलेली नंदा, रंगनाथची बायको, चहाचा कप घेऊन दारात उभी राहायची. एकदा तिनं मूळ आवाज ऐकला.

"कुणाला मारताय?"

"गातायत."

"असं." तिनं कप टेबलावर ठेवला. "बाहेर पाटीच लावा. सूर सरळ करून मिळेल. बुधवार पेठेत पँट अल्टर करून देतात तशी."

"पँट निदान मापाची असते," रंगनाथ म्हणाला. त्या दिवशी दोघं खूप हसले. नंतर जयसिंगराव हा घरातला रोजचा विनोद झाला. जेवताना रंगनाथ त्यांची नक्कल करायचा, डोळे मिटून, हात पसरून. नंदा हसायची, पण एकदा म्हणाली, "त्यांना सांगितलंत का, किती सरळ करताय ते?"

"विचारलं नाही त्यांनी."

पहिलं गाणं तयार झालं तेव्हा जयसिंगराव ऐकायला आले. बरोबर दोन पाहुणे, एक माजी सरपंच आणि भडंगाची पिशवी. स्टुडिओत खायचं नाही अशी पाटी होती, तिच्याखाली बसून सगळ्यांनी भडंग खाल्लं. रंगनाथनं गाणं लावलं. पहिल्या ओळीलाच जयसिंगरावांचा हात पिशवीत थांबला. ते शेवटपर्यंत हलले नाहीत. संपल्यावर त्यांचे डोळे ओले होते.

"ह्यो मी?"

"तुम्हीच की. थोडं साफ केलंय."

"गाडी धुतल्यावानी," ते हळूच म्हणाले.

"अगदी तसंच."

सरपंचांनी टाळी दिली. पोपटनं परत मान खाली घातली. त्या दिवसापासून जयसिंगरावांनी गाडीत दुसरं काही लावलं नाही. यार्डात जाताना, येताना, साइटवर, तेच गाणं. मग दुसरं तयार झालं की तीच दोन. ड्रायव्हर वैतागला, असं त्यांनीच हसत हसत सांगितलं. "झोपेतबी वाजतं आता कानात," ते म्हणाले. रंगनाथनं मनात म्हटलं, स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळलेला तो ग्रीक नार्सिसस तरी पाण्यात खरं तोंड बघत होता.

चार महिन्यांत आठ गाणी झाली. प्रकाशनाचा समारंभ नदीकाठच्या एका लॉन्सवर ठरला, संध्याकाळी सहाला, आणि जयसिंगरावांनी जाहीर केलं की ते तिथं प्रत्यक्ष गाणार.

रंगनाथ दचकला. "सीडी लावू. तुम्ही नुसते ओठ हलवा. सगळे तेच करतात."

"छ्या. पावन्यांना बोलावून ओठ हलवू? मी काय मुका हाय?"

त्यावरही उपाय होता. बुधवार पेठेतून रंगनाथनं एक काळा डबा आणवला. माइकमधला आवाज त्यात जायचा आणि स्पीकरला पोचायच्या आत सरळ होऊन बाहेर पडायचा. फक्त डब्याला आधी सांगून ठेवावं लागे, गाणं कुठल्या पट्टीत आहे ते. काळी एक म्हणून सांगितलं की तो येईल तो सूर ओढून काळी एकच्या सुरावलीत बसवणार. पट्टी बदलली आणि डब्याला सांगितलं नाही, तर बरोबर लागलेला सूरही तो तितक्याच इमानानं ओढून चुकवणार. त्याला कान नव्हते. एक चकती होती, ती फिरवायची, इतकंच.

समारंभाला सातशे माणसं होती. फेटे, गजरे, जिलेबीचा वास, स्टेजवर जयसिंगरावांचं वीस फुटी चित्र. त्यात त्यांच्या हातात एक सतार होती, जी त्यांनी आयुष्यात कधी धरली नव्हती. पुढच्या रांगेत त्यांच्या पत्नी मथुराबाई बसल्या होत्या. अंगावर हिरवं जरीचं लुगडं, हात मांडीवर. त्या स्टेजकडे बघत नव्हत्या. बाजूला मिक्सरमागे बसलेल्या रंगनाथकडे बघत होत्या. त्याला ते खटकलं. त्यानं मान वळवली.

गाण्याआधी जयसिंगराव बोलायला उभे राहिले. पाच मिनिटांचे वीस झाले. भाऊसाहेबांचे आभार, सरपंचांचे आभार. मग ते पुढं बसलेल्या कॉलेजच्या पोरांकडे वळले.

"पोरांनो, लोक म्हणत्यात गाणं शिकावं लागतं, धा-धा वर्सं घासावं लागतं. काय न्हाई लागत! ज्याच्या आत गाणं न्हाई, त्यो घासतो. माझ्या आत व्हतं, ते भायेर आलं. आन् हे आमचे साउंडवाले," त्यांनी रंगनाथकडे हात केला, "यांनी मशीन चालवली. टाळ्या त्यांच्यासाठी."

टाळ्या पडल्या. रंगनाथ उठला, वाकला, बसला. त्याचे कान तापले होते. ज्याच्या आत गाणं नाही, तो घासतो. अकरा वर्षांच्या पहाटा त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या आणि त्या सगळ्यांवर भडंग सांडलेलं त्याला दिसलं.

पहिलं गाणं झालं. डब्यानं काम चोख केलं. लोकांनी शिट्या मारल्या. दुसऱ्या गाण्याआधी जयसिंगराव पोपटकडे वाकले आणि माइक न झाकता म्हणाले, "जरा वर घ्या ओ. लांबपर्यंत गेलं पायजे." पोपटनं कीबोर्डवर एक बटण दाबलं, पट्टी अर्ध्या सुरानं चढवली, आणि रंगनाथकडे बघून एक बोट वर केलं.

रंगनाथनं ते बोट पाहिलं.

चकती त्याच्या उजव्या हाताखाली होती. एक खटका फिरवायचा होता. त्यानं हात उचलला, शेजारचा पाण्याचा ग्लास घेतला, दोन घोट प्यायला आणि ग्लास खाली ठेवला.

जयसिंगरावांनी गायला सुरुवात केली. पोपटचे सूर एकीकडे, स्पीकरमधला आवाज दुसरीकडे. मधेच जयसिंगराव योगायोगानं नीट लागायचे आणि डबा त्यांना मानगूट धरून खड्ड्यात टाकायचा. पोपटनं पुन्हा बोट वर केलं, मग दोन्ही भुवया. रंगनाथ समोरच्या गर्दीकडे बघत राहिला. आता कळेल, त्याला वाटलं. आता कुजबूज सुरू होईल, पोरं हसतील, कुणीतरी ओरडेल.

कुणी ओरडलं नाही. पोरं नाचत होती. सरपंच मान डोलवत होते, आणि ताल चुकवूनच डोलवत होते. गाणं संपलं तेव्हा पहिल्या गाण्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या, आणि कुणीतरी "वन्स मोअर" मागितला. सातशे माणसांत एकालाही काही कळलं नव्हतं. रंगनाथला आधी हसू आलं, मग शिसारी. असल्यांच्या पुढं आपण अपमान करायला निघालो होतो, आणि यांना अपमानसुद्धा ऐकू येत नाही. त्यानं चकती जागेवर आणली आणि उरलेली गाणी यंत्रासारखी पार पाडली. निघताना पुढं केलेली जिलेबीही घेतली नाही.

घरी नंदाला त्यानं सांगितलं. बोट, ग्लास, टाळ्या, सगळं. तिनं हसावं अशी त्याची अपेक्षा होती.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम केलंत," ती म्हणाली.

"काय फरक पडला? कुणाला समजलं?"

"मी तेच म्हणतेय. मुद्दाम केलंत." ती कणीक मळायला आत गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी जयसिंगराव एकटेच आले. पाहुणे नाहीत, पिशवी नाही. खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "सर, त्या दिशी दुसऱ्या गाण्याला मी सुटलो व्हतो."

रंगनाथ सावध झाला. "लोकांना तर आवडलं."

"लोकांचं सोडा. लोक जिलबीला आले व्हते. मी माझ्या तोंडातनं एक सोडत व्हतो आन् भोंग्यातनं दुसरंच येत व्हतं, आन् पोपटच्या पेटीचं तिसरंच. चार म्हैनं रात्रंदिस तीच गाणी ऐकली की मी. काटा कुठं उभा ऱ्हातो ते आता कळतंय मला. पयल्यांदा न्हवतं कळत."

सातशेतला एक निघाला होता, आणि तो हा होता.

"मला माझं खरं ऐकवा," जयसिंगराव म्हणाले. "साफ करायच्या आधीचं. हाय का?"

"आहे. पण कशाला—"

"लावा."

रंगनाथनं लावलं. मनात कुठंतरी त्याला बरंही वाटत होतं. अखेर हा तमाशा ज्याचा होता त्यालाच दिसणार होता. घुमारा नाही, कोरस नाही, नुसता तो आवाज. जयसिंगराव गुडघ्यांवर हात ठेवून बसले. पहिल्या ओळीला त्यांचा चेहरा आक्रसला, आंबट खाल्ल्यासारखा, आणि रंगनाथला धक्का बसला, कारण तो नेमका तिथंच आक्रसला जिथं त्याची स्वतःची आठी पडायची. एक गाणं संपलं. "फुडचं," जयसिंगराव म्हणाले. मग त्याच्या पुढचं. त्यांनी आठही गाणी ऐकली. तिसऱ्यानंतर रंगनाथला तिथं बसवेना. तो उठून आत गेला, चहाचं आधण ठेवलं, उतू घालवलं, परत आला. जयसिंगराव तसेच बसले होते.

"असा गातो व्हय मी."

"हो."

"मग पयल्या दिशीच सांगायचं व्हतं."

"तुम्हाला राग आला असता."

"आला आसता. चार दिस ऱ्हायला आसता." ते भिंतीवरच्या स्पंजकडे बघत बोलत होते. "यार्डात माल भिजलेला आसला तर गाडीवरनं उतरायच्या आधी सांगतो आम्ही. घ्यायचा त्यो घेतो, न्हाई त्यो जातो. वाळवून, वरनं चांगला रचून इकनारे बी हायेत. पर ते निदान गिऱ्हाइकाला फशीवत्यात. तुम्ही मालकालाच फशीवलं की."

"मी थोडं साफ केलंय असं सांगितलं होतं."

"थोडं," जयसिंगराव म्हणाले. वरच्या बाईंचा मिक्सर सुरू झाला आणि बंद पडला. "लई हसला आसाल."

रंगनाथला नाही म्हणता आलं असतं. पण एव्हाना तो कंटाळला होता, आणि या माणसापुढं खोटं बोलायचेही कष्ट घ्यावेत असं त्याला वाटलं नाही. "हो," तो म्हणाला. "हसलो."

जयसिंगरावांनी मान हलवली. "मथुरा म्हनली व्हती. ती म्हनली, त्यो मानूस तुम्ही गाताना तुमच्याकडं बगत न्हाई, घड्याळाकडं बगतो." मग त्यांनी पहिल्यांदाच रंगनाथच्या डोळ्यांत पाहिलं. "एक इचारू? पोपट म्हणतो, त्यानं बोट वर केलं व्हतं. दोनदा. तुम्ही बघितलं व्हतं का न्हाई?"

"नाही," रंगनाथ म्हणाला. "गर्दी होती समोर."

"बरं."

ते उठले. साफ करायच्या आधीच्या गाण्यांची सीडी त्यांनी मागून घेतली, शर्टाच्या खिशात ठेवली. या वेळी माइककडे न बघता बाहेर पडले, चपला घातल्या आणि फाटकापर्यंत चालत गेले. गाडीत बसल्यावर कुठलंही गाणं सुरू झालं नाही.

पुढचं सगळं पोपटकडून कळलं. कुंजिरांच्या घरी सीडींचे खोके होते ते त्यांनी वाटले नाहीत. कुणी गायचा आग्रह केला तर म्हणायचे, मशीन गात व्हती, मी न्हाई. सरपंचांना ते पटत नव्हतं. त्यांना वाटे, विनय आहे. आणि दिवाळीनंतर जयसिंगराव नारायण पेठेतल्या एका बाईंकडे शिकायला जायला लागले होते, यार्डातून परत येताना, आठवड्यातून तीनदा. नऊ-दहा वर्षांच्या मुलींच्या ओळीत शेवटी मांडी घालून बसतात, पोपट म्हणाला. बाईंनी अजून षड्जावरून पुढं सोडलेलं नाही.

"म्हातारपणी सा रे ग म!" रंगनाथ त्या दिवशी जेवताना म्हणाला. "त्या माणसाचा षड्ज मेला तरी लागणार नाही. मी लिहून देतो. पठ्ठ्याला वाटतं, गाणं पण गुंठेवारीच आहे. गेलं, मोजलं, नावावर केलं."

नंदानं त्याच्या पानात भात वाढला. "तुमच्याकडं का नाही आले शिकायला?"

"मी असल्यांना शिकवत नाही."

"त्यांनी विचारलं होतं?"

रंगनाथनं भात कालवला. आमटीत मीठ कमी होतं, ते त्यानं सांगितलं. नंदानं मिठाचं भांडं पुढं सरकवलं आणि ती स्वतःचं पान घेऊन बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढं जाऊन बसली.

जेवण झाल्यावर तो स्टुडिओत आला. एका सॉफ्टवेअर कंपनीच्या उपाध्यक्षांची गझल अर्धी राहिली होती. उद्या ते सहकुटुंब ऐकायला येणार होते. पडद्यावर त्यांची रेघ होती. कुंजिरांच्या रेघेपेक्षाही वाईट, आणि आवाजात तर काहीच नव्हतं, पिठाच्या डब्यावर वाजवल्यासारखा. रंगनाथनं कानाला हेडफोन लावले, "गाढव," असं स्पष्ट म्हणाला आणि पहिलं अक्षर उचललं. ते त्यानं जागेवर बसवलं. ऐकलं. काही चुकत नव्हतं. मग दुसरं अक्षर उचललं.